सहलीला निघताना गोळी आणि डबा

रविवारी सकाळी सातपासूनच पौडच्या रस्त्यावर पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. सोमवारी माझ्या दवाखान्यात त्या सहलींचा हिशेब होतो. कोणाचा पाय मुरगळलेला, कोणाला जुलाब, कोणी घाटात ओकून ओकून थकलेला. या तालुक्यात मी पंचवीस वर्षे व्यवसाय करतो आहे. 'जरा फिरायला जा' हा सल्ला मी गोळ्यांपेक्षा जास्त वेळा दिला असेल. तो देताना माझ्याकडून झालेली एक चूक आज सांगायची आहे.

आमच्या गावातील एक निवृत्त गुरुजी माझे जुने रुग्ण. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या नियमित, चालणे मात्र शून्य. गेल्या हिवाळ्यात ज्येष्ठ मंडळींची सहल ठरली तेव्हा "गुरुजी, तुम्ही आलेच पाहिजे" असा आग्रह मीच धरला. आधी हिंगण्याला महर्षी कर्व्यांची झोपडी पाहायची, मग मागे फिरून मुळशी आणि ताम्हिणी.

झोपडी अगदी लहान आहे. संस्थेच्या आवारात ती जपून ठेवली आहे. १९०० साली अण्णासाहेबांनी आश्रम या माळावर आणला, तेव्हा हिंगणे पुण्याबाहेरचे खेडे होते. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून ते संध्याकाळी चिखल तुडवीत इथवर पायी येत. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली १०४ व्या वर्षी ते गेले. चालण्यानेच एवढे आयुष्य लाभले असे मी म्हणणार नाही. पण झोपडीसमोर उभे राहून मी मंडळींना चालण्यावर एक छोटे व्याख्यान दिलेच. गुरुजींनी ते इतके मनावर घेतले की आवाराला दोन फेऱ्या मारल्या.

निघायला उशीर झाला. चांदणी चौकात आणि पुढे पिरंगुटला वाहतूक तुंबलेली. गाडी पौडातून, म्हणजे आमच्या घरांवरूनच पुढे गेली, पण कोणी उतरले नाही. डबे ताम्हिणीत उघडायचे ठरले होते.

मुळशीच्या जलाशयाकाठी थांबलो. इथे पाहायला जुने घर नाही. घरे पाण्याखाली आहेत. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' केले. ही हकिगत सांगण्याचा मान अर्थातच गुरुजींचा. त्यांनी तीस वर्षे इतिहास शिकवला होता. ते सांगू लागले आणि सालावर अडले. "सोळाशे..." म्हणाले, थांबले. कोणीतरी हसले, तर त्याच्यावर खेकसले. ज्या माणसाने वर्गात कधी आवाज चढवला नाही, तो खेकसला! त्यांच्या पत्नी मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, यांना घाम किती आलाय बघा." हवा तर गार होती.

बॅगेत ग्लुकोमीटर होता म्हणून बरे. साखर ५२. त्या दिवशी संकष्टी होती. सकाळची गोळी गुरुजींनी इमानाने घेतली होती आणि पोटात फक्त चहा. वरून माझ्या व्याख्यानाने मारलेल्या दोन फेऱ्या. मी त्यांना खाल्ले का, उपास आहे का, एवढेही विचारले नव्हते.

चहाच्या टपरीवरून साखर आणली आणि चार चमचे पाण्यात विरघळवून दिली. "उपास मोडेल," गुरुजी पुटपुटले. "साखर उपासाला चालते," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, आणि वाद मिटला. पंधरा मिनिटांनी साखर ८१ झाली. मग साबुदाण्याच्या खिचडीचा डबा तिथेच उघडला.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी चालण्याने अशी उतरू शकते. घाम, थरथर, धडधड ही लक्षणे बहुतेकांना ठाऊक असतात. चिडचिड आणि बोलण्यातला गोंधळ मात्र घरच्यांनाच आधी कळतो. साखर ७० च्या खाली गेली तर लगेच गोड द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा गोड द्यावे आणि मग खाऊ घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. दिवसभर चालल्यावर साखर रात्रीही उतरते, म्हणून त्या दिवशी रात्रीचे जेवण चुकवू नये. उपासाच्या किंवा सहलीच्या दिवशी गोळी किती घ्यायची ते आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नये.

ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. शेकरू, भेकर, बिबट्या यांचे हे घर. तेथे पाहुण्यासारखे वागावे. गवतात चपला घालून शिरू नये. साप चावलाच तर दोरी बांधणे, चिरा देणे हे प्रकार नकोत. हातपाय हलू न देता सरळ लस असलेले रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात तर धबधब्याखाली उतरूच नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते सहलीलाच आले होते.

गुरुजींची गोळी मी नंतर बदलली. माघात आम्ही पुन्हा ताम्हिणीला गेलो. निघण्यापूर्वी त्यांच्या घरी बसून सर्वांनी थालीपीठ खाल्ले. गुरुजींच्या खिशात ग्लुकोजची पुडी होती. शेकरू काही दिसले नाही. परतताना जलाशयाकाठी गाडी थांबवायला लावून गुरुजींनी १९२१ ची हकिगत पहिल्यापासून सांगितली, आणि त्या दिवशी हसलेल्या गृहस्थांना मध्येच उभे करून साल विचारले.