डर्ट बाइकची घरगुती सुधारणा : कोल्हापूरची जमीन आणि यंत्राचा मेळ

कोल्हापूर जिल्ह्याची जमीन एकजिनसी नाही. पश्चिमेस गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तेथील पठारांवर जांभ्या दगडाचा थर आहे. पूर्वेस शिरोळकडे पाऊस त्याच्या दशांशाच्या आसपास येतो आणि नदीकाठची खोल काळी माती उसाखाली असते. जांभ्याची तांबडी माती कोरडी असता भुकटीसारखी उडते, व ओली झाली की तिच्याखालचा दगड निसरडा होतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला अशी लपेटते की चाक व मडगार्ड यांच्यामध्ये बोटभरही जागा उरत नाही. डांबरी सडकेसाठी घडविलेली मोटारसायकल या दोन्ही ठिकाणी अडते, मात्र निराळ्या कारणांनी. म्हणून घरच्या घरी तिच्यात फेरफार करू इच्छिणाऱ्याने प्रथम इंजिनाकडे नव्हे, तर जमिनीकडे पाहावयास हवे.

मातीवरच्या शर्यतीचा हा प्रकार मुळात फेरफारातूनच वाढला. १९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्ली येथे झालेली ‘स्क्रॅम्बल’ ही या प्रकारची पहिली शर्यत मानली जाते. त्या काळी तीत उतरणारी यंत्रे सडकेवरचीच होती. आपल्याकडे दीर्घकाळ तीच स्थिती होती. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आरएक्स १०० ही ९८ घनसेंटिमीटरची, अकरा अश्वशक्तीची, सुमारे शंभर किलो वजनाची टू-स्ट्रोक गाडी हलकी व सुटसुटीत असल्यामुळे हौशी कारागिरांची आवडती झाली. २०१९ मध्ये हीरो कंपनीची एक्सपल्स २०० आली. तिचे पुढचे चाक २१ इंची, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर आणि सस्पेन्शनची चाल पुढे १९० व मागे १७० मिलिमीटर. पूर्वी जे घरी घडवावे लागे त्यातील बरेच तीत तयार मिळते.

कोल्हापुरात या कामाला एक विशेष अनुकूलता आहे. ऑइल इंजिने, शेतीपंप व ओतकाम यांच्या आधाराने वाढलेल्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग आणि वेल्डिंगची कामे करणारे कारागीर हाकेच्या अंतरावर भेटतात. एखादा बुश, स्पेसर अथवा चाकाचा आस नमुना दाखवून करून घेता येतो. या सोयीतच एक धोकाही आहे. जो भाग सहज करून मिळतो तो करून घेण्याचा मोह होतो. तो करावयास हवा की नाही, हा विचार मागे पडतो.

सर्वांत स्वस्त आणि फलदायी फेरफार साखळीच्या दातेरी चक्रांत, म्हणजे स्प्रॉकेटमध्ये होतो. पुढच्या स्प्रॉकेटला १४ व मागच्याला ४२ दाते असतील तर प्रमाण ३.०० येते. पुढे १३ दात्यांचे चक्र बसविल्यास ते ३.२३ होते. चाकाशी मिळणारी ओढ सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढते आणि त्याच इंजिनगतीला गाडीचा वेग सात टक्क्यांनी घटतो. उसाच्या पाणंदीतून किंवा चढावरून जाणाऱ्याला हा वेग नकोच असतो. मागे ४५ दाते घातल्यास प्रमाण ३.२१, म्हणजे जवळजवळ तेच. फरक एवढाच की लहान चक्राभोवती साखळी अधिक वाकते व लवकर झिजते, तर मोठ्या चक्रासाठी लांब साखळी लागते.

सस्पेन्शनचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि बहुतेक घरगुती प्रयत्न येथेच फसतात. मऊ वाटणाऱ्या गाडीला ‘कडक’ करण्यासाठी फोर्कमध्ये पीव्हीसी नळीचा तुकडा घालून स्प्रिंग दाबून बसविण्याची युक्ती सर्वत्र प्रचलित आहे. तिने गाडीची उंची वाढते. स्प्रिंगचा कडकपणा मात्र तसूभरही वाढत नाही. खरी परीक्षा मोजपट्टीने होते. मागचे चाक अधांतरी ठेवून आसापासून मडगार्डवरील एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. नंतर गाडी खाली उतरवून तेच अंतर एकदा रिकाम्या गाडीचे व एकदा हेल्मेट-बुटांसह स्वार बसला असताना मोजावे. स्वारासह येणारा दबका एकूण चालीच्या सुमारे एक-तृतीयांश असावा. चाल १७० मिलिमीटर असेल तर पंचावन्नच्या आसपास. तो बरोबर जुळविल्यावरही रिकामी गाडी आपल्या वजनाने जवळजवळ दबतच नसेल, तर स्प्रिंग स्वाराच्या मानाने मऊ आहे. हे प्रथम उलटे वाटते. परंतु मऊ स्प्रिंगने स्वाराचे वजन पेलावे म्हणून ती आधीच इतकी दाबून बसवावी लागलेली असते की गाडीचे एकटे वजन तिला हलवू शकत नाही. अशा वेळी अधिक स्पेसर घालणे व्यर्थ होय. स्प्रिंगच बदलावी लागते.

फोर्कमधील तेलाचे काम वेगळे आहे. स्प्रिंग धक्का साठविते, तेल तो जिरविते. तेल दाट केल्यास फोर्क सावकाश दबतो व सावकाश उसळतो. फार दाट केल्यास लागोपाठच्या खड्ड्यांत तो वर येण्यापूर्वीच पुढचा खड्डा येतो आणि चाल संपत जाते. तेलाची पातळी वाढविल्यास वर कोंडलेली हवा कमी होते, म्हणून शेवटच्या टप्प्यात फोर्क अधिक ताठ होतो. दोन्ही पायांत पातळी मिलिमीटरपर्यंत सारखी असावी.

मागे लांब शॉकॲब्सॉर्बर बसविला की परिणाम मागेच थांबत नाहीत. दोन चाकांतील अंतर १,४०० मिलिमीटर असलेल्या गाडीचा मागचा भाग पंचवीस मिलिमीटर उचलला तर सबंध सांगाडा सुमारे एक अंश पुढे कलतो. त्यामुळे हँडलचा खांब अधिक उभा होतो; गाडी वळणावर चपळ, पण सरळ उतारावर चंचल बनते. मागचा चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, अधिक खाली झुकल्यामुळे साखळीचा ताणही बदलतो. पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याची खीळ आणि चाकाचा आस एका रेषेत येतात तेव्हा साखळी सर्वाधिक ताणलेली असते. शॉकॲब्सॉर्बर सोडवून ही स्थिती हाताने आणावी आणि तेथे साखळी किंचित सैल राहील असे पाहावे. पुढे लांब फोर्क घातला असेल तर ब्रेकची नळीही लांब हवी. आखूड नळीचा दोष अंगणात दिसत नाही. उडी घेताना चाक हवेत पूर्ण लोंबते तेव्हा नळी ताणली जाते, आणि तो क्षण ब्रेक गमावण्याचा नसतो. नेमके हेच काम पुष्कळदा राहून जाते, कारण नळी बदलल्याने गाडी दिसायला काही वेगळी होत नाही.

टायरांविषयी थोडक्यात सांगता येते. मोठ्या खोबणींचे टायर काळ्या मातीत उपयोगी, कारण फिरताना ते माती झटकतात. हवा कमी ठेवल्यास पकड वाढते, परंतु ट्यूब दगड व रिम यांत चिमटून फुटते आणि टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उखडतो. यावर जाड ट्यूब आणि रिमलॉक हे उपाय होत.

इंजिनाचा क्रम शेवटी येतो. टू-स्ट्रोक इंजिनात धुराच्या नळीचा आकार हा स्वतः एक यंत्रभाग असतो. बाहेर गेलेली दाबाची लहर नळीच्या निमुळत्या टोकावरून परतते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन याने हे तत्त्व पूर्णत्वास नेले. १९६१ साली त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या सुझुकी कंपनीकडे पोचली. अशी नळी पत्र्याचे शंकू कापून, जोडून उद्यमनगरात करून घेता येईल. परंतु लहर योग्य क्षणी परतते ती एका ठरावीक गतीच्या पट्ट्यातच. शर्यतीच्या पट्ट्यावर घडविलेली नळी चिखलातल्या मंद गतीला गाडी मारते. एक्झॉस्ट पोर्ट वर कोरण्याचा परिणामही तसाच, आणि कोरलेली धातू परत भरता येत नाही. हवेचा मार्ग मोकळा केला की मिश्रण पातळ होते. कार्ब्युरेटरचा मुख्य जेट त्या मानाने मोठा न घातल्यास पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरतो. जांभ्याच्या धुळीत तर फिल्टर काढून टाकणे म्हणजे पिस्टन-रिंगांना पॉलिशपेपर लावणे. तेल लावलेला फोमचा फिल्टर आणि त्याची वारंवार धुलाई यांनी जेवढे इंजिन टिकते तेवढे महागड्या भागांनी टिकत नाही.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. तेव्हा वर सांगितलेली गाडी खाजगी शेतात व शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर चालवावयाची, आणि तेथपर्यंत टेम्पोतून न्यावयाची. पठारांवर ती नेणे अन्य कारणानेही अनुचित होय: जांभ्यावरील मातीचा थर चार-दोन बोटांचा असतो आणि पावसाळी फुलांची सारी वस्ती त्याच थरावर असते.

फेरफार संपल्यावर गाडी एकदम दौडवू नये. पहिली वीस मिनिटे सपाट शेतात चालवून थांबावे. आऱ्यांचा ताण, चाकांचे नट, चिमट्याची खीळ आणि वेल्डिंगचे सांधे तपासावेत. आऱ्या बहुधा सैल झालेल्या आढळतात. त्या आवळून स्वारासह दबका पुन्हा मोजावा आणि आकडा तारखेसह वहीत टिपावा, कारण नवी स्प्रिंग पहिल्या काही तासांत थोडी बसते.