टँकर ग्रुपवर, पुनर्विकास मेलवर

जुन्या पनवेलमध्ये उन्हाळा चढला आणि देहरंग धरणाचा तळ दिसू लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला खरा भाव येतो. ‘टँकर आला.’ ‘बी विंगची टाकी आधी भरा.’ ‘गेटसमोरची स्कूटर कोणाची? काढा लवकर.’ पाच मिनिटांत टँकरला वाट मोकळी. हेच मेलवर कळवलं असतं तर टँकर रिकामा होऊन परत गेल्यावर कुणीतरी मेल उघडला असता.

याच ग्रुपवर पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आणि विचका झाला. एकाने कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार म्हणून विचारलं. उत्तर येण्याआधी गुलाबाची फुलं, कुणाच्या वाढदिवसाचा केक आणि चुकीच्या मजल्यावर गेलेलं कुरिअर. मग कुणीतरी कॉर्पस फंडाचा एक आकडा टाकला. तो बिल्डरने दिला की गंमत म्हणून टाकला, हे संध्याकाळपर्यंत कळेना; तोवर त्याखाली अंगठे मात्र जमले. अंगठा म्हणजे ‘वाचलं’ की ‘मंजूर’? सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, तीही विशेष सर्वसाधारण सभेत, चित्रीकरणासह. तिथे अंगठ्याचा काय उपयोग!

शेवटी सेक्रेटरींनी मेल सुरू केले. एका मेलला एकच विषय: भाडं, पार्किंग, बँक गॅरंटी. फरक लगेच दिसला. ग्रुपवर कधी न बोलणारे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी मुद्दे क्रमांकवार मांडू लागले. मस्कतला असलेले एक सभासद तिकडून रात्री सविस्तर लिहू लागले. कोण काय म्हणालं होतं, हे महिन्याभरानंतरही सापडू लागलं. अर्थात काहींची भाषा एकदम कोर्टात अर्ज केल्यासारखी झाली. आणि निम्मे लोक उत्तर फक्त सेक्रेटरींनाच पाठवत. ‘रिप्लाय ऑल’ शिकवण्यात त्यांचा एक रविवार गेला.

पण तळमजल्यावरच्या काकू चर्चेतून गळल्याच. त्यांचा मेल आयडी कधीतरी सायबर कॅफेत काढलेला, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. ग्रुपवर त्या व्हॉइस मेसेज टाकायच्या: “अहो, भाडं किती महिन्यांचं आगाऊ देणार ते विचारा ना. मधेच काम थांबलं तर आम्ही राहायचं कुठे?” मेलवरच्या सगळ्या क्रमांकवार मुद्द्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जो नीट लिहू शकतो तोच जास्त शहाणा असं मेलवर वाटू लागतं आणि जो झटपट लिहितो तोच बहुमतात असं ग्रुपवर. दोन्ही खोटं.

आता आमच्या खजिनदारबाई ग्रुपवरचे व्हॉइस मेसेज ऐकून त्यातले प्रश्न मेलमध्ये टाइप करतात, आणि आठवड्याच्या मेलची प्रिंट जिन्याखाली, मीटरच्या खोक्यांशेजारच्या फळ्यावर लागते. काकूंचा प्रश्न बिल्डरकडून लेखी मागवायच्या अटींत गेला आहे. पार्किंगवर मात्र एकच मेल निघाला आणि थांबला. तो वाद पुन्हा ग्रुपवर आला आहे. मेलवर परत न्यायला दोन्ही बाजू तयार नाहीत. ग्रुपवर निदान ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ आहे.