घरी राहून पदवी : शिक्षकांनी काय पाहावे

शहाड हे कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना लागणारे पहिले स्थानक होय. या परिसरात राहून शाळेत शिकविणाऱ्या अनेक बंधुभगिनींना सेवा व संसार सांभाळून दिवसा महाविद्यालयात जाणे शक्य होत नाही. ज्यांची पदवी अपुरी राहिली आहे, त्यांच्यासाठी दूरस्थ शिक्षणाचा मार्ग खुला आहे.

हा मार्ग नवा नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाद्वारे शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली त्याचा अवलंब केला आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पूर्वी पाठ टपालाने येत. आता ऑनलाइन अभ्यासक्रमांचे पाठ मोबाइलवरही मिळतात.

अशी पदवी कमी प्रतीची असते काय? नाही. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समतुल्य मानली जाते, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. मात्र ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर चार गोष्टी स्वतः पाहाव्यात : संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव, शैक्षणिक वर्ष आणि शिक्षणाची पद्धत. संस्था मान्य असली म्हणजे तिचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतोच असे नाही. वैद्यक, अभियांत्रिकी व कायदा यांची पदवी या मार्गाने घेता येत नाही. मध्यस्थ खाजगी केंद्राच्या तोंडी आश्वासनावर विसंबून राहिल्यास पैसा व उमेदीची वर्षे दोन्ही वाया जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. या पद्धतीत एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास धरला जातो. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. म्हणजे एकूण ३,६०० तास. रोजचा हिशेब केला तर तो सव्वातीन तासांहून थोडा अधिक होतो. तेव्हा ‘घरबसल्या’ याचा अर्थ ‘विनासायास’ असा कोणी करू नये. पहाटेचा एक तास, लोकलमधील वाचन व रात्रीची बैठक यांचे वेळापत्रक आधी आखावे, सेवानियमांनुसार लागणारी परवानगी घ्यावी आणि मगच नाव नोंदवावे.

जो शिक्षक स्वतः विद्यार्थी होतो, त्याला आपल्या वर्गातील मुलांच्या अडचणी अधिक चांगल्या कळतात. पदवीइतकाच हाही लाभ मोलाचा आहे.