‘अप विथ’चे मराठी : इंग्रजीतील क्रियाविशेषण-पूर्वसर्ग युती आणि मराठी संयुक्त क्रियापद

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड, कॅनॉट प्लेसपासून निघून इंडिया गेटच्या परिसराकडे जातो. चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९९२ मध्ये पूर्ण झालेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत या रस्त्यावर आहे, आणि २०१३ मध्ये उद्घाटन झालेले नवे महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावर आहे. इंग्रजी आणि मराठी यांच्या या शेजारात एक साधा प्रश्न विचारून पाहावा. या रस्त्याने जाणाऱ्याला इंग्रजी बोलणारा सहज सांगेल, ‘गो डाउन टू इंडिया गेट’, आणि परतणाऱ्याला, ‘कम बॅक अप टू कॅनॉट प्लेस’. मराठी बोलणारा म्हणेल, ‘सरळ इंडिया गेटपर्यंत जा’ आणि ‘परत कॅनॉट प्लेसला या’. ‘बॅक’ला ‘परत’ मिळाले, ‘टू’ला ‘पर्यंत’ आणि ‘ला’ हे प्रत्ययरूप पर्याय मिळाले. ‘डाउन’ आणि ‘अप’ मात्र नाहीसे झाले. रस्ता तर जवळजवळ सपाट आहे. मग इंग्रजीत हे शब्द काय काम करीत होते, आणि ते काम मराठीत कोण करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम या युतीचे स्वरूप पाहिले पाहिजे. ‘वेंट डाउन टू’ यात ‘डाउन’ आणि ‘टू’ एकमेकांना लागून येतात, पण त्यांची नाती वेगळी आहेत. ‘डाउन’ क्रियापदाचा आहे, ‘टू’ पुढील नामाचा. नाम गाळले तर ‘ही वेंट डाउन’ हे वाक्य पुरे राहते. ‘ही वेंट टू’ मात्र अधांतरी लोंबकळते. बोलताना थांबायचे झाले तर थांबा ‘डाउन’नंतर येतो, ‘टू’नंतर नव्हे. क्रियाविशेषण बोलणाऱ्याच्या दृष्टीने ढोबळ दिशा देते आणि पूर्वसर्ग नेमके ठिकाण देतो, असे या युतीचे मूळ कार्य म्हणता येईल.

या पातळीवर मराठी इंग्रजीपासून फार दूर नाही. ‘बाहेर अंगणात’, ‘आत माजघरात’, ‘वर माळ्यावर’, ‘खाली कोकणात’ या रचनांतही आधी ढोबळ दिशा आणि मग नेमके ठिकाण हाच क्रम आहे. ‘आउट इन द यार्ड’ आणि ‘बाहेर अंगणात’ या तर सख्ख्या बहिणीच शोभाव्यात. फरक एवढाच, की इंग्रजीत ठिकाण सांगणारा शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत तो नामाला मागून जोडला जातो. त्यामुळे इंग्रजीत शेजारी बसणारे दोन शब्द मराठीत नामाच्या दोन बाजूंना जातात. पारंपरिक मराठी व्याकरणात ‘वर’ हा शब्द एकटा आला तर क्रियाविशेषण आणि नामाला जोडून आला तर शब्दयोगी अव्यय मानला जातो. ‘वर माळ्यावर’ या दोनच शब्दांत त्याची दोन्ही रूपे एकत्र भेटतात.

वाट वेगळी होते ती युती गोठल्यावर. ‘पुट अप विथ’, ‘गेट अवे विथ’, ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘लिव्ह अप टू’, ‘रन आउट ऑफ’, ‘डू अवे विथ’ या रोजच्या बोलण्यातील रचनांत दिशा आणि ठिकाण यांचा मूळ अर्थ मावळलेला असतो आणि तिन्ही शब्द मिळून एक क्रिया सांगतात. वाक्याच्या शेवटी पूर्वसर्ग येऊ नये हा आग्रह इंग्रजीत जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये बेन जॉन्सन यांच्यावर टीका करताना मांडला होता. त्या आग्रहाची कसोटी या गोठलेल्या युतींवर लागते. ‘पुट अप विथ’मधील ‘विथ’ किंवा ‘अप विथ’ उचलून वाक्याच्या आरंभी ठेवले की वाक्य हास्यास्पद होते. चर्चिल यांच्या नावावर सांगितला जाणारा, पण त्यांचा म्हणून सिद्ध न झालेला प्रसिद्ध विनोद याच अडचणीवर उभा आहे.

अशा युतीचे मराठी करताना ‘अप’साठी ‘वर’ आणि ‘विथ’साठी ‘सह’ शोधणे व्यर्थ, हे कोणालाही पटेल. पण मग मराठी प्रतिरूप शोधायचे कुठे? ते शब्दयोगी अव्ययांत नसते, संयुक्त क्रियापदात असते. ‘पुट अप विथ’ला मराठी ‘खपवून घेणे’ म्हणते आणि ‘गेट अवे विथ’ला ‘खपून जाणे’. धातू एकच, ‘खप’. एकीकडे त्याचे प्रयोजक रूप आणि ‘घेणे’, दुसरीकडे मूळ रूप आणि ‘जाणे’. इंग्रजीत या दोन क्रियांमधील भेद ‘अप’ आणि ‘अवे’ दाखवतात असे वाटते. मराठीत तो ‘घेणे’ आणि ‘जाणे’ यांनी दाखवला आहे. ‘घेणे’ क्रियेचा भार कर्त्याच्या पदरात टाकते. ‘जाणे’ ती क्रिया कर्त्याच्या हातून सुटून पार पडल्याचे सांगते.

यातून वाक्याची घडणही बदलते. इंग्रजीत ‘ही गॉट अवे विथ इट’ म्हणताना लबाड माणूस कर्ता असतो आणि लबाडी ‘विथ’च्या मागे उभी असते. मराठीत ‘त्याची लबाडी खपून गेली’ असे म्हणताना लबाडी कर्तृस्थानी येते आणि माणूस षष्ठीत सरकतो. कथनात्म साहित्याच्या अभ्यासकाला हा फरक क्षुल्लक वाटू नये. इंग्रजी वाक्यात पात्र सुटून जाते. मराठी वाक्यात त्याचे कृत्य सुटून जाते आणि ते खपू देणारे भोवतालचे लोक सूचित होतात. दोष कोणाकडे, हे दोन भाषा वेगवेगळ्या रीतीने सुचवतात.

केवळ क्रियाविशेषण असलेल्या रचनांतही हेच दिसते. ‘राइट डाउन’साठी मराठीत ‘लिहून घे’, ‘लिहून ठेव’ आणि ‘लिहून दे’ असे निदान तीन पर्याय आहेत. कोणी सांगत असेल तर लिहून घ्यायचे, पुढे लागेल म्हणून लिहून ठेवायचे, दुसऱ्याला हवे असेल तर लिहून द्यायचे. इंग्रजी ‘डाउन’ क्रियेची दिशा सांगते, लेखन कागदावर उतरल्याचे सांगते. मराठी सहायक क्रियापद ती क्रिया कोणाच्या पदरी पडली हे सांगते. अनुवादात ‘डाउन’ हरवले अशी तक्रार करण्याआधी, मूळ वाक्यात नसलेला कोणता निर्णय अनुवादकाला घ्यावा लागला, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

कधी दोन भाषांच्या दिशाच उलट असतात. इंग्रजीत माणूस अपेक्षांना ‘लिव्ह अप टू’ करतो, म्हणजे वर चढतो. मराठीत तो अपेक्षेला ‘उतरतो’. इंग्रजीत मानदंड उंचावर ठेवलेला आहे आणि तेथवर पोहोचायचे आहे. मराठीत मागे कसोटी आणि तराजू यांचे चित्र आहे. कस लावून पाहिलेले सोने खरे उतरते, तसा माणूस अपेक्षेला उतरतो. येथे ‘अप’चे ‘वर’ करणारा अनुवादक केवळ शब्द चुकवत नाही, मोल ठरवण्याची एक रीतच पुसून टाकतो.

लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ मधील अभ्यासात गतीचा मार्ग भाषा कुठे नोंदवते यावरून भाषांचे प्रकार मांडले. इंग्रजीत मार्ग क्रियापदाच्या ‘उपग्रहात’, म्हणजे ‘आउट’, ‘अप’, ‘इन’ अशा शब्दांत असतो, आणि हा उपग्रह पूर्वसर्गाहून वेगळा धरला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. डॅन स्लोबिन यांनी पुढे ही मांडणी कादंबऱ्यांच्या अनुवादांना लावून पाहिली. मराठीत मार्गाचा बराच भार ‘निघणे’, ‘शिरणे’, ‘चढणे’, ‘उतरणे’ ही क्रियापदेच वाहतात आणि गतीची तऱ्हा ‘धावत’, ‘लंगडत’ अशा कृदंतांकडे जाते. मात्र गोठलेल्या युतींपाशी ही मांडणी अपुरी पडते, कारण तेथे मार्ग उरलेलाच नसतो. जे उरते ते क्रियेची पूर्तता आणि तिचा भार; मराठीत त्यांचे स्थान ‘टाकणे’, ‘घेणे’, ‘देणे’, ‘जाणे’ यांच्यात आहे.

या दृष्टीने भारतीय इंग्रजीतील एक बहुचर्चित ‘चूक’ पुन्हा पाहण्याजोगी आहे. प्रमाण इंग्रजीत ‘कोप विथ’ असते. भारतात ‘कोप अप विथ’ सर्रास ऐकू येते. मातृभाषेच्या प्रभावाने हे स्पष्ट होत नाही, कारण मराठीत किंवा हिंदीत येथे ‘वर’चा अर्थ देणारे काहीच नसते. ‘रिटर्न बॅक’साठी ‘परत फिरणे’, ‘वापस लौटना’ यांचा आधार दाखवता येतो, तसा येथे दाखवता येत नाही. हे ‘अप’ इंग्रजीतूनच आले असावे. ‘कीप अप विथ’, ‘पुट अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘कम अप विथ’ ही सारी भावंडे ज्याच्या कानात आहेत, त्याला ‘अप विथ’ हा एकसंध घटक वाटतो, आणि सोसण्या-निभावण्याच्या अर्थाचे ‘कोप’ तो त्याच कुळात बसवतो. परीक्षकाला ही चूक दिसेल. भाषाभ्यासकाला येथे जिवंत नियम दिसतो.

उलट दिशेने होणारी देवघेव इतकी निरागस नाही. यंत्रानुवादातून येणारे ‘आपल्याकडून ऐकण्यासाठी पुढे पाहत आहोत’ यासारखे वाक्य ‘लुक फॉरवर्ड टू’ या युतीचे सुटे भाग जसेच्या तसे मांडते. मराठी माणूस उत्तराची वाट पाहतो, भेटीकडे डोळे लावून बसतो. ‘पुढे पाहणे’ रुळले तर मराठीला एक शब्दप्रयोग मिळेल, पण वाट आणि डोळे यांच्या भोवती उभी असलेली प्रतीक्षेची प्रतिमासृष्टी मागे पडेल. इंग्रजी युती हे एकच एकक आहे, पण मराठीत तिचा नामाकडचा भाग विभक्तीत आणि क्रियेकडचा भाग सहायक क्रियापदात विभागला जातो, एवढे ध्यानात ठेवले तरी तौलनिक अभ्यासातील ‘अनुवादात काय हरवले’ हा प्रश्न ‘ते कुठे गेले’ असा विचारता येईल.