एका गाठीत किती गाठी

निपाणीकडे कर्करोग म्हटलं की नजर आधी तंबाखूवर जाते. वखारी इथल्याच, विड्या वळणाऱ्या बायाही इथल्याच. तोंडाच्या कर्करोगाबद्दल चारचौघांत बोललं जातं. छातीतल्या गाठीबद्दल मात्र जावेच्या कानातच.

या गाठीवर डॉक्टरेट करणारी मराठी बाई पाऊणशे वर्षांपूर्वी होऊन गेली. पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या रणदिवे. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. उंदरांच्या स्तनातल्या गाठी, त्यांची आनुवंशिकता, बाळंतपणाशी असलेलं नातं, असा तो अभ्यास. पुढे बाल्टिमोरला, ज्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेला नावाच्या कर्करोगपेशी वाढल्या तिथंच, पेशी शरीराबाहेर जगवण्याचं तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र हे नाव कधी दिसलं नाही.

गाठ एकजिनसी नसते, हे ठळक झालं १९७८ मध्ये. अमेरिकेत ग्लोरिया हेपनर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या एकाच गाठीतून निरनिराळे पेशीवंश वेगळे काढले. जे औषध एका वंशाला लागू पडे, ते दुसऱ्याला पडेना. २०११ मध्ये निकोलस नेव्हिन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठीतल्या शंभर पेशींचा जनुकसंच एकेक करून वाचला. आज यावर पीएच.डी. करणाऱ्या मुलीला गाठीचा ताजा तुकडा बर्फावर ठेवून ऑपरेशन थिएटरातून धावतच न्यावा लागतो. पेशी मेल्या की दिवस वाया.

आमच्याकडची मुलं या वाटेला लागू शकतात. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. निपाणीची मुलं देवचंद कॉलेजात शिकायला रोज अर्जुननगरला, म्हणजे कर्नाटकातून महाराष्ट्रात जातात. हद्दीचं त्यांना काही वाटत नाही. अडतं ते पुढे, प्रयोगशाळेच्या खर्चापाशी.

पण गाठीतली ही विविधता बघायला महागडं यंत्रच लागतं असंही नाही. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ईआर ७० टक्के’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे तपासलेल्या शंभरातल्या सत्तर पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राहक सापडला, तिसांत नाही. एकाच बाईची, एकच गाठ. म्हणून घरात कुणाला हा आजार झाला असेल तर तो कागद फाईलमध्ये जपून ठेवा, आणि आजार उलटला तर नव्या गाठीची तपासणी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना विचारा. उलटलेल्या गाठीत हे आकडे बदललेले असू शकतात, आणि त्यावरून औषधही बदलतं.