एका चिपवर चार कॅमेरे

नाशिकच्या २०१५च्या सिंहस्थात गोदाघाटावर नजर ठेवणाऱ्या सीसीटीव्ही यंत्रणेचा पसारा वेगळा. सराफ बाजारातल्या दुकानाला चार जुने अ‍ॅनालॉग कॅमेरे, एक पीसी आणि कॅप्चर कार्ड एवढ्यावर भागवता येतं.

कार्ड घेताना मागच्या बीएनसी सॉकेटांवर जाऊ नका, चिपा मोजा. बीटी८७८ चिप एका वेळी एकाच कॅमेऱ्याचं चित्र घेते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. एकाच चिपवर चार कॅमेरे जोडले की ती आळीपाळीने फिरते, दर वेळी सिग्नल जुळवण्यात फ्रेम वाया जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन-चार उरतात. गल्ल्यावरचा हात त्यात निसटतोच! चार चिपांचं कार्ड महाग, पण घ्यावं तर तेच.

लिनक्सवर बीटीटीव्ही ड्रायव्हर स्वस्त कार्डं बरेचदा ओळखत नाही. कार्डाचा क्रमांक हाताने द्यावा लागतो. झोनमाइंडर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये पाल निवडा, एनटीएससी नको. चित्र अधूनमधून बंद पडलं तर आधी शेअर्ड मेमरी पुरते का ते बघा, फ्रेम तिथेच साठतात. ७०४ × ५७६ची एक रंगीत फ्रेम साधारण १२ लाख बाइट खाते. चार कॅमेऱ्यांच्या ५०-५० फ्रेम म्हणजे सुमारे २४० एमबी.

आणि हो, गोदावरीच्या पुराचं पाणी २०१६ आणि २०१९ साली सराफ बाजारात शिरलं होतं. रेकॉर्डिंगचा पीसी पोटमाळ्यावरच ठेवा.