तीन महिन्यांची साखर

शुगर तपासायला जायच्या आधी दोन दिवस भात बंद करणारी, चहात साखर न घालणारी आणि रात्री नुसत्या ताकावर राहणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, आकडा ११० आला, की घरातले सगळे निश्चिंत होतात. त्याच रक्तातून होणारी दुसरी एक तपासणी मात्र या दोन दिवसांच्या पथ्यानं बदलत नाही. डॉक्टर तिला एचबीए१सी म्हणतात आणि रुग्ण म्हणतात, ‘तीन महिन्यांची शुगर’.

या तपासणीमागचं कारण मोठं सुंदर आहे. रक्तात फिरणारं ग्लुकोज लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटतं. एकदा पक्कं चिकटलं की ती पेशी संपेपर्यंत सुटत नाही. लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. त्यामुळे एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना साखर चिकटली आहे हे मोजलं, की मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती ते कळतं. सात टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, नऊ टक्के म्हणजे २१२. मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन जास्त असतं, हे १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर या संशोधकाच्या लक्षात आलं. आज जगभरातले मधुमेहाचे उपचार या आकड्याकडे पाहून ठरतात.

ब्रिटनमध्ये १९७७ साली मधुमेहाचं नव्यानं निदान झालेल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. पाच हजारांवर रुग्ण, वीस वर्षं. एचबीए१सी एक टक्क्यानं कमी असेल, तर डोळे आणि मूत्रपिंडं यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अवयवांचं नुकसान सुमारे ३७ टक्क्यांनी कमी दिसलं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. अभ्यासात काटेकोर उपचारांचा एक आणि नेहमीच्या उपचारांचा एक असे दोन गट होते; तो संपल्यावर दोन्ही गटांची साखर वर्षभरातच सारखी झाली. तरीही सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी ती काटेकोर सांभाळली होती, त्यांना त्याचा फायदा पुढे दहा वर्षं मिळत राहिला. निदान झालं की ‘अजून तर काही त्रास नाही, बघू पुढे’ म्हणत घालवलेली पहिली पाच वर्षं म्हणूनच फार महाग पडतात.

या आकड्यालाही मर्यादा आहेत. अंगात लोह कमी असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या नंदुरबार-गडचिरोलीकडच्या डॉक्टरांना हे नेहमी ध्यानात ठेवावं लागतं. शिवाय सरासरीत चढ-उतार लपतात. सकाळी ६० आणि रात्री २५० असणाऱ्याची सरासरीही चांगलीच दिसेल. म्हणून घरचं ग्लुकोमीटर आणि वहीतली नोंद यांना पर्याय नाही.

अशी वही ठेवणाऱ्यांना एक कोडं हमखास पडतं: रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी साखर जास्त कशी? पहाटे शरीर जागं व्हायची तयारी करतं, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. इन्सुलिन पुरेसं असेल तर हे जाणवतही नाही. मधुमेहात ते सकाळच्या आकड्यात दिसतं. त्याचा इलाज रात्रीचं जेवण टाकणं हा नव्हे. डॉक्टर गोळीची मात्रा किंवा वेळ बदलतील, पण त्यासाठी त्यांना वही दिसायला हवी.

खाण्याबद्दल आपल्याकडे गैरसमजही पुष्कळ. ज्वारीची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा बरी म्हणून चार खाल्ल्या, तर पिष्ट चार भाकऱ्यांचंच पोटात जातं. उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर बहुतांशी निव्वळ पिष्ट. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन कडक उपवास केला तर धोका उलटा: ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न नसतं आणि साखर धाडकन उतरते. घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला आणि आकडा ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. एकादशी, चतुर्थी, रोजा, जे काही धराल ते आधी डॉक्टरांना सांगून धरा.

‘मी तर बारीक आहे, मला कसा मधुमेह?’ या प्रश्नाचं उत्तर पुण्यातून आलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की सारख्याच उंची-वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. जेवणानंतरचं ग्लुकोज मुख्यतः स्नायूंतच जातं, आणि हालणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही ते ओढून घेतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालण्याचा आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाचा आग्रह त्यासाठीच.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोज त्याच जागी सुई टोचू नये. तिथे गाठी होतात आणि औषध नीट शोषलं जात नाही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

पावलांची काळजी मात्र सगळ्यांनीच घ्यायची. मज्जातंतू बधिर झाले की खिळा टोचलेला कळत नाही, उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना तळवा भाजलेला कळत नाही. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसकट बघावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांना बघायला सांगावं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठिंब्यानं झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. गोव्याचं प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के. एवढ्या लोकांना डॉक्टर भेटतो तो तीन महिन्यांतून दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत खरं बोलावं. किती गोळ्या चुकल्या, ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून औषध मनानं बंद केलं का, पायाला मुंग्या येतात का, खर्च झेपत नाही का, हे सगळं सांगावं. स्वस्त पर्याय बहुतेक वेळा असतो. पण न सांगितलेल्या अडचणीवर उपाय कुणालाच करता येत नाही.

साखर ताब्यात असेल तर एचबीए१सी सहा महिन्यांनी, नसेल तर तीन महिन्यांनी करा. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना वर्षातून एकदा तपासून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ही पाहा. आणि पुढच्या तपासणीआधी दोन दिवस वेगळं पथ्य करू नका. रोज जे खाता तेच खाऊन जा, म्हणजे डॉक्टरांना तुमची खरी साखर दिसेल.